त्वचा-उपांगांची अर्बुदे : ऊतकपरीक्षेद्वारे निदान

केशपुटक, त्वक्‌स्नेह ग्रंथी व स्वेद ग्रंथी या त्वचेच्या उपांगांशी साम्य दाखविणाऱ्या गाठी. बहुतेक साध्या असून डोके, चेहरा व मान येथे अधिक आढळतात. बाहेरून त्या एकमेकींसारख्या दिसतात. कल्याण-डोंबिवलीसारख्या शहरांत त्या लहान रुग्णालयांतही काढल्या जातात. काढलेली गाठ क्षुल्लक वाटली तरी फेकून न देता १०% फॉर्मॅलिनात घालून विकृतिवैज्ञानिकाकडे पाठविणे आवश्यक असते. ठाण्याजवळ कळवा येथे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय (स्थापना १९९२) आहे. अशा महाविद्यालयांच्या विकृतिविज्ञान विभागांत ही परीक्षा होते.

मेणात बसविलेल्या ऊतकाचे ४-५ मायक्रॉन जाडीचे छेद हीमॅटॉक्सिलीन व इओसीन यांनी रंगवितात. खरी अडचण ट्रायकोएपिथेलिओमा हे साधे केशार्बुद व आधार-कोशिका कर्करोग यांत येते. दोहोंत पुंजांच्या कडेच्या कोशिका कुंपणासारख्या उभ्या असतात. मात्र कर्करोगात पुंज व भोवतालचे संयोजी ऊतक यांमध्ये फट दिसते. केशार्बुदात फट असलीच तर ती बहुधा संयोजी ऊतकातच असते. वरवरचा, अपुरा तुकडा घेतल्यास हा भेद कळत नाही. मग चेहऱ्यावर अकारण मोठी शस्त्रक्रिया होते किंवा कर्करोग मागे राहतो. त्वक्‌स्नेह ग्रंथीचे अर्बुद आढळल्यास म्यूर-टॉरे या आनुवंशिक विकाराची शंका घेऊन मोठ्या आतड्याचीही तपासणी करावी लागते.