पथ्याचें ताट

पथ्य हा शब्द आपल्या घरांत फारसा आवडता नाहीं. पथ्य म्हटलें कीं आळणी पेज, मऊ भात आणि दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून गिळलेला आवंढा, इतकेंच बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतें. ज्याच्या वांट्यास पथ्य येतें तो मनुष्य पंक्तींत बसूनही पंक्तीबाहेर पडतो. वैद्यानें सांगितलेलें पथ्य पाळलेंच पाहिजे, याविषयीं दुमत नाहीं. परंतु पथ्याला जसा आरंभ असतो तसा पुष्कळदां शेवटही असतो, ही गोष्ट आपण विसरतों. मोठ्या आंतड्याच्या एका विकाराच्या निमित्तानें या गोष्टीचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

हा विषय आम्हांस पुस्तकांतून सुचलेला नाहीं. आमच्या मातोश्रींचें वय आज पंचाहत्तर आहे. तीन वर्षांपूर्वीं त्यांच्या पोटांत डाव्या बाजूस, खालच्या अंगाला, तीव्र कळा येऊं लागल्या; ताप भरला आणि त्यांस इस्पितळांत न्यावें लागलें. तपासणीअंतीं विकाराचें नांव कळलें : डायव्हर्टिक्युलायटिस. आठ दिवसांनीं त्या घरीं आल्या. सोबतच्या कागदावर ‘मऊ व कमी चोथ्याचें अन्न द्यावें’ असें लिहिलें होतें. किती दिवस द्यावें, हें आम्हीं विचारलें नाहीं. पुढें एका आप्तानें सांगितलें कीं बीं आंतड्यांत अडकतें. दुसऱ्यानें सांगितलें कीं भाकरी जड. झालें! टोमॅटो, वांगें, पेरू, शेंगदाणे आणि जन्मभर ज्यांवर त्या वाढल्या ती ज्वारीची भाकरी, हीं सर्व त्यांच्या ताटांतून गेलीं. मऊ भात, दूध आणि मैद्याचीं बिस्किटें यांवर त्यांनीं दोन वर्षें काढलीं. त्यांचें वजन घटलें, बद्धकोष्ठ जडलें, पोट पुन्हां दुखूं लागलें. पहिल्या नाताळास त्यांनीं आपलें पान उचलून स्वयंपाकघरांत नेलें आणि तेथें एकटीनें जेवल्या. आम्हीं हें सारें प्रेमापोटीं चालविलें होतें. म्हणूनच त्यांतील चूक आम्हांस दिसली नाहीं.

आतां हा विकार काय आहे तें पाहूं. आपलें मोठें आंतडें सुमारें दीड मीटर लांबीचें असतें. अन्नांतील पौष्टिक अंश लहान आंतड्यांत शोषला गेल्यावर जो चोथा व जें पाणी उरतें तें येथें येतें. येथें पाणी शोषलें जातें, मळ घट्ट होतो आणि भिंतींतील स्नायू आळीपाळीनें आंवळून व सैल होऊन त्यास पुढें ढकलतात. या भिंतींत ठिकठिकाणीं रक्तवाहिन्या शिरतात, आणि तेवढ्या जागा इतर भागाहून दुर्बल असतात. आंतील दाब वाढला म्हणजे अशा जागीं आंतलें अस्तर बाहेर फुगून येतें. सायकलच्या जुन्या टायरला चीर पडली कीं आंतली ट्यूब तेथून फुग्यासारखी डोकावते, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. तसाच हा प्रकार होय. अशा फुगलेल्या लहान पिशव्या असणें यास डायव्हर्टिक्युलोसिस म्हणतात.

पिशव्या असणें आणि आजारी असणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें पालकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. पाश्चात्य देशांत साठी उलटलेल्या माणसांपैकीं निम्म्याहून अधिकांच्या आंतड्यांत अशा पिशव्या आढळतात, आणि त्यांतील बहुतेकांस जन्मांत त्यांचा पत्ताही लागत नाहीं. युरोप-अमेरिकेंत त्या बहुधा डाव्या बाजूस असतात. पूर्व आशियांतील लोकांत उजव्या बाजूसही पुष्कळ आढळतात. थोड्यांच्या बाबतींत मात्र एखाद्या पिशवीस सूज येते, दाह होतो, ताप येतो. या दाहास डायव्हर्टिक्युलायटिस म्हणतात. क्वचित् पिशवींतून रक्तस्राव होतो किंवा ती फुटते. म्हणून पोटांत सतत कळा, ताप, उलट्या किंवा शौचावाटे रक्त हीं लक्षणें दिसतांच घरगुती उपाय करीत न बसतां डॉक्टरांकडे जावें. पोटदुखीचीं कारणें अनेक आहेत; नांव ठेवण्याचें काम तपासणीचें आहे, शेजाऱ्यांचें नव्हे.

या विकारावरील आहाराचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोनतृतीयांश भागांत डॉक्टर अशा रोग्यांस कमी चोथ्याचें, गुळगुळीत अन्न देत असत. दुखऱ्या आंतड्यास खरबरीत पदार्थ बोचेल, असा त्यामागचा सरळ तर्क होता. इ. स. १९७१ मध्यें नील पेंटर व डेनिस बर्किट या दोन शल्यवैद्यांनीं ब्रिटनमधील एका प्रख्यात वैद्यकीय पत्रांत नेमकें उलट मत मांडलें. बर्किट हे मूळचे आयर्लंडचे. त्यांनीं युगांडांत अनेक वर्षें वैद्यकीय सेवा केली होती. आफ्रिकेंतील खेड्यांत जाडेंभरडें अन्न खाणाऱ्या लोकांत हा विकार जवळजवळ दिसत नाहीं. इंग्लंडांत मात्र इ. स. १८८० च्या सुमारास पोलादी रुळांच्या गिरण्या येऊन पांढरें, कोंडा काढलेलें पीठ स्वस्त झालें, आणि त्यानंतर एकदोन पिढ्यांत तो वाढला, असें त्यांचें म्हणणें होतें. पुढच्याच वर्षीं पेंटर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सत्तर रुग्णांस गव्हाचा कोंडा दिल्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांतील बहुतेकांचा त्रास कमी झाला होता. ज्या अन्नाची भीति घातली जात होती तेंच औषध ठरलें!

शास्त्र येथेंच थांबलें नाहीं. इ. स. २०१२ मध्यें अमेरिकेंतील दोन हजारांहून अधिक लोकांच्या तपासणींत असें दिसलें कीं, अधिक चोथा खाणाऱ्यांच्या आंतड्यांत पिशव्या कमी असतात असें नाहीं. म्हणजे पिशव्या कां होतात, हें कोडें एका कोंड्यानें सुटत नाहीं. वय आणि आनुवंशिकता यांचाही त्यांत भाग आहे. परंतु पिशव्या असोत वा नसोत, त्यांपासून आजार होण्याच्या बाबतींत चोथ्याची बाजू बळकटच आहे. इ. स. २०११ मध्यें ब्रिटनमधील सुमारें ४७,००० लोकांच्या पाहणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तींत शाकाहारी लोकांस या विकारानें आजारी पडण्याचा धोका मांसाहारी लोकांपेक्षां सुमारें ३१ टक्के कमी आढळला, आणि भरपूर चोथा खाणाऱ्यांसही तो कमी होता. आमच्या घरीं सामिष अन्न वर्ज्य नाहीं, म्हणून येथें हेंही सांगणें प्राप्त आहे कीं, बकऱ्याच्या वगैरे तांबड्या मांसाचें प्रमाण अधिक असल्यास दाहाचा धोका वाढलेला दिसतो. त्याऐवजीं मासे किंवा कोंबडी घेणाऱ्यांत तो कमी दिसतो.

बियांच्या भीतीचें काय? इ. स. २००८ मध्यें अमेरिकेंतील ४७,००० हून अधिक पुरुषांवर अठरा वर्षें ठेवलेल्या लक्षाचा निष्कर्ष बाहेर आला. दाणे, मका व मक्याच्या लाह्या खाणाऱ्यांस दाह अधिक होतो असें मुळींच आढळलें नाहीं. उलट दाणे व लाह्या वारंवार खाणाऱ्यांत तो थोडा कमीच होता. पिढ्यान् पिढ्या सांगितली गेलेली समजूत अशा रीतीनें निराधार ठरली. आमच्या घरांतून शेंगदाणे ज्या भीतीनें हद्दपार झाले, ती खोटी असल्याचें त्यापूर्वीं कित्येक वर्षें जगास ठाऊक होतें. ठाऊक नव्हतें तें आम्हांसच.

मग पथ्य नकोच काय? तसें नव्हे. पथ्याच्या तीन पायऱ्या आहेत, आणि ज्या त्या पायरीवर जें तें योग्य आहे. पहिली पायरी दाहाची. या दिवसांत आंतड्यास विसांवा हवा असतो. डॉक्टर सांगतील त्याप्रमाणें भाताची पेज, गाळलेलें मुगाचें कढण, नारळाचें पाणी, गाळलेलें सूप असे पातळ पदार्थ द्यावे. या वेळीं कोंडा किंवा भाकरी आग्रहानें देणें चुकीचें होय. दुसरी पायरी उताराची. कळा व ताप ओसरले म्हणजे मऊ भात, मुगाचें वरण, ताक, दहीं, साल काढलेला दुधीभोपळा, उकडलेला बटाटा, मऊ अंडें, वाफवलेला मासा, पिकलेलें केळें असें अन्न सुरू करितात. ही पायरी बहुधा दिवसांची किंवा थोड्या आठवड्यांची असते, वर्षांची नसते. तिची मुदत डॉक्टरांस स्पष्ट विचारून घ्यावी आणि ती भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावी. आम्हीं तेवढेंच केलें असतें तर दोन वर्षें वांचलीं असतीं.

या दोन्ही पायऱ्यांवर अन्न मऊ असावें, पण बेचव असलें पाहिजे असा कोठेंही नियम नाहीं. पेजेंत जिऱ्याची पूड व चमचाभर तूप, वरणांत हिंग व आल्याचा रस, गाळून घेतलेलें आमसुलाचें सार, वरणभातावर लिंबाचे चार थेंब, यांनीं रुग्णाच्या तोंडास चव येते आणि तो दोन घांस अधिक जेवतो. अशक्त माणसास ते दोन घांस फार मोलाचे असतात.

तिसरी पायरी परतीची, आणि सर्वांत महत्त्वाची. मोठ्या माणसास रोज सुमारें २५ ते ३० ग्राम चोथा मिळावा असें सामान्यतः मानतात. शंभर ग्राम ज्वारीच्या पिठांत तो सुमारें १० ग्राम असतो. बाजरी, नाचणी व न चाळलेली कणीक यांत ११ च्या आसपास. पांढऱ्या तांदळांत आणि मैद्यांत तो ३ ग्रामांहूनही कमी. म्हणजे दिवसभरांत पावशेर तांदळाचा, २५० ग्रामांचा, भात खाल्ला तरी चोथा मिळतो सात ग्राम. तर २०० ग्राम ज्वारीच्या भाकरींतून वीस मिळतो, आणि उरलेला एक वाटी उसळ, पालेभाजी व एक पेरू यांतून सहज भरून निघतो. आमच्या मातोश्रींच्या ताटांतून आम्हीं काय काढून घेतलें होतें, तें या हिशेबावरून कळेल.

परत येतांना मात्र घाई करूं नये. एकदम चोथा वाढविला तर पोट फुगतें, वात धरतो, आणि भिऊन मनुष्य पुन्हां पेजेकडे वळतो. प्रथम दुधांत किंवा वरणांत कुस्करलेली चतकोर भाकरी द्यावी. ती सोसली म्हणजे चार-पांच दिवसांनीं अर्धी. नंतर शिजवलेल्या पालेभाज्या, मग मोड आलेल्या मुगाची मऊ उसळ, आणि शेवटीं कोशिंबीर व फळें. चोथा पाण्यावांचून काम करीत नाहीं. दिवसांतून सातआठ पेले पाणी प्यावें. इसबगोल घ्यावयाचा असल्यास तो भरपूर पाण्याबरोबरच घ्यावा. रोज थोडें चालणें, वजन आटोक्यांत ठेवणें आणि तंबाखूचें धूम्रपान टाळणें यांनींही लाभ होतो. आयबुप्रोफेनसारख्या दुखण्यावरील गोळ्या मनानें वारंवार घेऊं नयेत, कारण त्यांनीं या विकाराचा धोका वाढतो. ज्यांस मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे, ज्यांस हृदयविकारामुळें पाणी मोजून प्यावयास सांगितलें आहे, किंवा ज्यांच्या आंतड्यांवर शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनीं हें सर्व आपल्या डॉक्टरांस विचारूनच करावें.

आतां राहिलेली हकीकत सांगतों. पोट पुन्हां दुखूं लागलें तेव्हां आम्हीं मातोश्रींस दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलें. त्यांनीं तपासलें, दाह नसल्याची खात्री करून घेतली आणि रोजचें जेवण विचारलें. आम्हीं अभिमानानें सर्व पथ्य सांगितलें. ते म्हणाले, “हें इतके दिवस पाळावयास तुम्हांस कोणीं सांगितलें?” आम्हांस उत्तर देतां येईना. मातोश्री आमच्याकडे वळून एवढेंच म्हणाल्या, “मग दोन वर्षं मी भाकरीवांचून कशाला राहिले रे?” त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता, असता तर बरें वाटलें असतें.

त्या संध्याकाळीं त्यांच्या दुधांत चतकोर भाकरी कुस्करली गेली. दोन महिन्यांनीं त्या एक सबंध भाकरी, मेथीची भाजी आणि दाण्याची चटणी खाऊं लागल्या. बद्धकोष्ठ गेलें, वजन कांहींसें भरून आलें. विकार समूळ गेला असें नाहीं. आंतड्यांतील पिशव्या आहेत तेथेंच आहेत, आणि दाह पुन्हां कधीं होणार नाहीं अशी हमी कोणी देऊं शकत नाहीं. पण मागच्या नाताळास त्यांचें पान पंक्तींत, नातवंडांच्या मध्यें होतें. मटण त्यांनीं चवीपुरतें घेतलें आणि वांग्याची भाजी मात्र दोनदां मागून घेतली.

विद्यार्थिमित्रहो, हा म्हाताऱ्या माणसांचा रोग, त्याच्याशीं आम्हांस काय कर्तव्य, असें तुम्ही म्हणाल. तर दोन गोष्टी ध्यानांत धरा. डब्यांतील भाकरी बाजूस सारून मैद्याच्या बिस्किटांवर मधली सुट्टी काढण्याची संवय ज्या वयांत लागते, तें तुमचें वय आहे. आणि तुमच्या घरांत एखादें वृद्ध माणूस पथ्यावर असेल, तर त्याच्या कागदावर किती दिवसांची मुदत आहे तें वाचून पाहण्याइतके तुम्ही शिकलेले आहां. मुदत लिहिलेली नसेल तर पुढच्या खेपेस डॉक्टरांना विचारा. एवढा एक प्रश्न विचारावयास आम्ही पदवीधर असूनही चुकलों; तुम्ही चुकूं नका.