बाबांना रात्रीच पाणी का द्यावं लागतं?



हिवाळ्यातली गोष्ट. आमच्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी पहिल्याच तासाला पेंगत होती. "काय गं, रात्री झोपली नाहीस का?" मी विचारलं.

"बाई, आमच्याकडे या आठवड्यात रात्रीची लाइट आहे. बाबा गव्हाला पाणी द्यायला गेले होते. ते परत येईपर्यंत मला झोप लागत नाही. मागे एकदा बांधावर साप निघाला होता." आणि मग तिने मलाच विचारलं, "बाई, रात्री सगळे झोपतात तेव्हा वीज उरत असेल ना? मग ती डब्यात भरून ठेवायची आणि दिवसा द्यायची. असं का नाही करत?"

मी क्षणभर गप्पच झाले. प्रश्न किती साधा! पण मुलांनो, जगभरचे मोठमोठे इंजिनिअर आज याच प्रश्नामागे लागले आहेत बरं का!

विजेचा तराजू

धान्य कणगीत राहतं, पाणी टाकीत राहतं. विजेचं तसं नाही. तारेत वीज साठून राहत नाही. तुम्ही दिव्याचं बटण दाबता, त्याच क्षणी कुठल्या तरी वीज केंद्रात तेवढी वीज तयार व्हावी लागते. म्हणजे तराजूच म्हणा ना! एका पारड्यात तयार होणारी वीज, दुसऱ्यात वापरली जाणारी. दोन्ही पारडी दिवसरात्र सारखी हवीत.

ती सारखी आहेत हे कळतं कसं? बैलगाडी आठवा. ओझं वाढलं की बैलांची चाल मंदावते आणि उतार लागला की गाडी अंगावर येते. वीज केंद्रातल्या यंत्रांचंही असंच होतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० हेलकावे घेते. वापर वाढला की हा आकडा ५० च्या खाली जातो, वापर घटला की वर चढतो. हा आकडा बघत बसणारी माणसं रात्रभर जागी असतात.

तराजू कलला तर काय होतं? ३१ जुलै २०१२ रोजी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातलं विजेचं जाळं कोलमडलं. साठ कोटींहून अधिक लोकांच्या भागातली वीज गेली. रेल्वेगाड्या वाटेतच थांबल्या.

आणि सांभाळला तर? ५ एप्रिल २०२० ची रात्र तुमच्या आईबाबांना नक्की आठवत असेल. करोनाच्या टाळेबंदीत रात्री ९ वाजता नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावायच्या होत्या. विजेची मागणी १२ ते १४ हजार मेगावॅटने उतरेल, असा अंदाज होता. ती उतरली ३१ हजारांनी! पण तयारी आधीच झालेली होती. धरणांवरची केंद्रं भराभर मंद केली आणि दिवे लागताच पुन्हा वाढवली. कोळशाच्या केंद्राला असं झटपट थांबता येत नाही. पाण्याला येतं. नळ फिरवल्यासारखं!

डोंगरावरचा डबा

आता त्या मुलीच्या डब्याकडे वळू या. असा डबा आपल्या सह्याद्रीत आहे! अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात घाटघरला डोंगरावर एक धरण आहे. खाली ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यात चोंढे इथे दुसरं. दोन्हींच्या मध्ये सुमारे चारशे मीटरांचा उतार. वीज उरली की तिच्यावर पंप चालवून खालचं पाणी वर चढवायचं. संध्याकाळी घराघरांत दिवे, टीव्ही, मिक्सर सुरू झाले की तेच पाणी खाली सोडायचं. गंमत म्हणजे पाणी चढवणारं यंत्र आणि वीज करणारं यंत्र एकच! ते उलटं फिरवलं की झालं. २००८ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राची क्षमता २५० मेगावॅट आहे. अर्थात शंभर युनिट खर्चून शंभर परत मिळत नाहीत. सत्तर-ऐंशीच्या आसपास मिळतात. पण वाया जाण्यापेक्षा बरंच की!

दुसरा डबा म्हणजे बॅटरी. मोबाइलमध्ये असते तिचीच महाकाय बहीण! गुजरातमधल्या मोढेरा गावासाठी १५ हजार युनिट वीज साठवणाऱ्या बॅटऱ्या बसवल्या आहेत. दुपारचं ऊन त्या रात्रीला पुरवतात. मात्र बॅटरी महाग असते आणि काही वर्षांनी थकते. तेव्हा नवीन घ्यायला पैसे बाजूला ठेवावे लागतात.

जिथे मोठ्या तारा पोचल्या नव्हत्या, तिथे लोकांनी गावापुरतं छोटं जाळंच उभारलं. सुंदरबनातल्या सागर बेटावर १९९६ मध्ये सूर्याच्या विजेचं असं केंद्र सुरू झालं. अशा जाळ्याला मायक्रोग्रिड म्हणतात.

डबा नको, वेळ बदला

पण प्रत्येक वेळी डबाच हवा का? पूर्वी वीज उरायची ती रात्री. म्हणून गावोगावी शेतीपंपांना रात्रीची पाळी आली. आता सौर पॅनेलमुळे भर दुपारी भरपूर वीज तयार होते. मग पंपच दुपारी चालवले तर? साठवायचा खर्चच वाचला! २०१७ मध्ये महाराष्ट्रात सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेमागे हाच विचार आहे. गावाजवळ सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज दिवसा शेतीपंपांना द्यायची.

कुणाला, कुठे, किती वीज लागते हे क्षणोक्षणी ओळखून असं जुळवून घेणारं जाळं म्हणजे स्मार्ट ग्रिड. कुठल्या वेळी किती वीज वापरली ते स्मार्ट मीटर कळवतो. उन्हाच्या तासांत वीज स्वस्त असावी, असा नियम केंद्र सरकारने २०२३ मध्ये केला. म्हणजे लोक आपणहून कामं दुपारकडे सरकवतील.

त्या मुलीच्या गावाजवळही आता सौर पॅनेलच्या रांगा उभ्या राहताहेत. ती रोज शाळेत येताना किती लागले ते मोजते आणि मला सांगते. तिचे बाबा अजून रात्रीच जातात. पण फार दिवस नाही, असं तिला वाटतं. मलाही वाटतं.

करून पाहा : आईबाबांना सोबत घेऊन घरातला विजेचा मीटर एक आठवडाभर सकाळी ६, संध्याकाळी ६ आणि रात्री १० वाजता वाचा. आकडे वहीत लिहा. (मीटरला हात लावायचा नाही हं!) दिवसाच्या बारा तासांत जास्त वीज जाते, की संध्याकाळच्या चार तासांत? आणि त्यातलं कोणतं काम दुपारी उरकता आलं असतं? इस्त्री? पाण्याची मोटर? घरात सगळ्यांना दाखवा. मग करणार ना सुरुवात?