निवड कोणत्या चित्रपटांची करावी?

मानवी हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी संमत केला. त्या दिवसाच्या निमित्ताने ठिकठिकाणी चित्रपट दाखविले जातात. आमच्या दारव्ह्यास कोणी असा महोत्सव भरवू म्हणेल, तर पैशाहूनही निवडीची अडचण मोठी ठरेल, असे आम्हांस वाटते.

निवड ही काही निरुपद्रवी बाब नव्हे. २००४ च्या मुंबई आंतरराष्ट्रीय महोत्सवासाठी भारतीय चित्रपटांस सेन्सॉरच्या प्रमाणपत्राची अट घातली गेली होती. दिग्दर्शकांनी विरोध केल्यावर ती मागे घेतली गेली; परंतु पुढे निवडीच्या चाळणीतूनच कित्येक चित्रपट गळाले. गुजरातच्या २००२ च्या दंगलींवरील राकेश शर्मा यांचा ‘फायनल सोल्यूशन’ हा त्यांपैकीच. तेव्हा दिग्दर्शकांनी ‘विकल्प’ नावाने मुंबईतच आपला निराळा महोत्सव भरविला.

याहून बारीक चाळणी आपल्या मनातच असते. दुसऱ्याच्या घरचा अन्याय पाहून डोळे पुसावयास आपण सारेच तत्पर! म्हणून आमची पहिली पसंती व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ला (१९३७). ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरील ह्या चित्रपटात वृद्ध विधुराशी फसवून लावलेले लग्न नीरा मान्य करीत नाही. तिचा नवरा कोणी अडाणी नव्हे, चांगला वकील आहे. घर अगदी तुमच्याआमच्यासारखे. हा चित्रपट पाहताना कोणत्या घरी कोण अस्वस्थ होतो, हे ज्याने त्याने पाहावे.

नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) कैकाडी समाजातील जब्याने शेवटी भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. कित्येकांस हे रुचत नाही. आमच्या मते तो चित्रपट त्यासाठीच घ्यावा.

आता आमच्या तालुक्याचा प्रश्न. कापसाच्या ह्या मुलखात सतीश मनवर यांचा ‘गाभ्रीचा पाऊस’ (२००९) वगळून चालणार नाही. शेजारचा शेतकरी आत्महत्या करतो, तेव्हा किस्नाची बायको अलका धास्तावते. नवऱ्यावर नजर ठेवावयास पोराला मागे लावते, गोडधोड रांधते. विषय भीषण खरा, पण माणसे हसतात, चिडतात, केवळ दयेचा विषय होऊन बसत नाहीत. नुसती करुणा उपजविणारे चित्रपट आम्ही बाजूस ठेवू.

एक सूचना मात्र आहे. निवडसमितीत निवृत्त शिक्षक व वकीलच नकोत. एक कोरडवाहू शेतकरी आणि एखाद्या मोठ्या घरची सून असावी. मतभेद झाल्यास सुनेला आधी विचारावे, आणि तेही सासूसासऱ्यांच्या माघारी.