वाळवंटापलीकडचा इस्लाम: समज आणि वस्तुस्थिती

मलिक अंबर आणि जंजिऱ्याचे सिद्दी यांच्यामुळे आफ्रिकी मुसलमान महाराष्ट्राला परका नाही. पण अंबर ज्या हबशाणात (आजच्या इथिओपियात) जन्मला, तिथली राजसत्ता शतकानुशतके ख्रिस्ती होती. त्या भूमीवर पहिले मुसलमान पोहोचले ते इ. स. ६१५च्या सुमारास, मक्केतला छळ चुकवून आलेले आश्रित म्हणून. तिथल्या राजाने त्यांना थारा दिला. आफ्रिकेतल्या इस्लामविषयीचे आपले ठोकताळे असे पहिल्याच उदाहरणापाशी अडखळतात. त्यांतले काही तपासून पाहू.

गैरसमज: इस्लाम येण्यापूर्वी सहाराच्या दक्षिणेला नगरे किंवा व्यापार नव्हता.

वस्तुस्थिती: आजच्या माली देशात, नायजर नदीच्या पूरक्षेत्रात जेने-जेनो नावाचे टेकाड आहे. तिथे १९७७मध्ये उत्खनन सुरू झाले आणि इ. स. पूर्व २५०च्या सुमारास सुरू झालेली वस्ती हाती लागली. तिथले लोक भात पिकवत, मासे धरत, लोखंड गाळत. लोखंडाचे खनिज आणि जात्या-पाट्याचा दगड आसपास मिळत नसल्याने दोन्ही बाहेरून आणावे लागे. म्हणजे पहिल्यापासून देवघेव होतीच. इ. स. ८००च्या सुमारास गावाभोवती जवळजवळ दोन किलोमीटरची मातीची तटबंदी होती. अरब व्यापाऱ्यांनी हा व्यापार शून्यातून उभा केला नाही. चालत्या बाजारपेठांना त्यांनी उंटांच्या तांड्यांनी भूमध्य सागराशी जोडले.

गैरसमज: आफ्रिकेत इस्लाम तलवारीच्या जोरावर पसरला.

वस्तुस्थिती: उत्तर किनाऱ्यापुरते यात तथ्य आहे. इजिप्त ६३९ ते ६४२ या काळात जिंकला गेला आणि आठव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अरब फौजा अटलांटिकला भिडल्या होत्या. पण दक्षिणेकडे वळताच त्यांची गाठ नूबियाच्या तिरंदाजांशी पडली. ६५२मध्ये नूबियातल्या डोंगोला नगराचा वेढा तहावर मिटला आणि ख्रिस्ती नूबिया पुढे कित्येक शतके टिकला.

सहारापलीकडे इस्लाम नेला तो व्यापाऱ्यांनी. वाळवंटातल्या खाणींचे मीठ दक्षिणेला जाई आणि तिकडचे सोने उत्तरेला येई. कॉर्दोबाच्या अल-बकरी या विद्वानाने १०६८मध्ये प्रवाशांच्या माहितीवरून घाना राज्याचे वर्णन लिहिले. (हे राज्य आजच्या घाना देशात नव्हे, तर मॉरिटानिया आणि मालीच्या सीमेलगत होते.) राजधानीची दोन नगरे होती. एक मुसलमानांचे, त्यात बारा मशिदी. दुसरे काही मैलांवर राजाचे, त्याच्याभोवती पुजाऱ्यांची देवराई. राजा जुन्या धर्माचा, पण दुभाषे, खजिनदार आणि बरेचसे मंत्री मुसलमान. दरबाराच्या दाराशी सोन्या-चांदीचे पट्टे घातलेली कुत्री राखण करत. राजाच्या धर्माचे लोक त्याच्यापुढे गुडघे टेकून डोक्यावर माती टाकत. मुसलमानांनी नुसत्या टाळ्या वाजवल्या तरी चाले. मिठाने लादलेले गाढव राज्यात आले की एक दिनार जकात, बाहेर गेले की दोन. परधर्मीयांना जवळ ठेवण्यात राजाचा रोकडा फायदा होता. त्यांच्याकडे लिपी होती, हिशेब होता आणि दूरदेशी पत होती.

१०७६मध्ये अल्मोराविद या मुसलमान राजवटीने घाना जिंकून लोकांना बाटवले, असे जुनी पाठ्यपुस्तके सांगत. डेव्हिड कॉनरॅड आणि हंफ्री फिशर या अभ्यासकांनी १९८०च्या दशकात मूळ साधने तपासली, तेव्हा या स्वारीचा भक्कम पुरावाच सापडला नाही.

गैरसमज: राजाने इस्लाम स्वीकारला की प्रजाही मुसलमान होई.

वस्तुस्थिती: अल-बकरीनेच मलाल राज्याची हकिगत दिली आहे. दुष्काळ पडला होता, गुरांचे बळी देऊनही पाऊस येईना. एका मुसलमान पाहुण्याने राजाला रात्री आपल्याबरोबर प्रार्थनेला उभे केले आणि पहाटे पाऊस कोसळला. राजा, त्याचे घराणे आणि दरबारी मुसलमान झाले. प्रजा मात्र जुन्याच देवांकडे राहिली.

पुढे माली साम्राज्यातही हा दुपेडीपणा दिसतो. मालीचा सम्राट मन्सा मूसा १३२४मध्ये हजला जाताना कैरोत इतके सोने उधळून गेला, की तिथला सोन्याचा भाव उतरला. त्याच्यानंतर, १३५२मध्ये, मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता मालीत आला. शुक्रवारी मशिदीत इतकी गर्दी होई, की लोक आधीच मुलाला चटई घेऊन जागा धरायला पाठवत, हे पाहून तो खूश झाला. पण तिथल्या दरबारात भाट पिसे लावून पक्ष्यांचे सोंग घेत आणि सुलतानापुढे गात, लोक डोक्यावर माती टाकत, आणि वलाता गावी वारसा मुलाकडे न जाता भाच्याकडे जाई. हे त्याला मुळीच रुचले नाही. तिथल्या लोकांना मात्र नमाज आणि भाट यांत विसंगती वाटत नव्हती.

गैरसमज: विद्या बाहेरून आली, आफ्रिकेने ती फक्त घेतली.

वस्तुस्थिती: मालीतल्या टिंबक्टूचे विद्वान अहमद बाबा (१५५६–१६२७) यांच्या संग्रहात सोळाशे ग्रंथ होते आणि तो आपल्या आप्तांमध्ये सर्वांत लहान संग्रह असल्याचे ते सांगत. १५९१मध्ये मोरोक्कोच्या मुसलमान सुलतानाने टिंबक्टूवर सत्ता असलेल्या सोंघाई या मुसलमान राज्यावर बंदूकधारी फौज पाठवली. पुढे अहमद बाबांना कैद करून माराकेशला नेले, तर तिथले विद्वानच त्यांच्यापुढे शिकायला बसू लागले. मायदेशी परतल्यावर १६१५मध्ये त्यांनी गुलामगिरीवर निबंध लिहिला. गुलामगिरी त्यांनी सरसकट नाकारली नाही. पण काळा रंग हे कुणालाही गुलाम करण्याचे कारण होऊ शकत नाही, असे स्पष्ट बजावले.

गैरसमज: पूर्व किनाऱ्यावरची स्वाहिली नगरे म्हणजे अरबांच्या वसाहती.

वस्तुस्थिती: केनियाच्या किनाऱ्याजवळ शांगा येथे आठव्या शतकातल्या लाकडी मशिदीच्या खुणा सापडल्या, त्या आफ्रिकी वस्तीच्या मधोमध. स्वाहिली भाषेत अरबी शब्द भरपूर आहेत, पण व्याकरण बांटू आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासातून दिसले, की मध्ययुगीन नगरवासीयांचा मातृवंश प्रामुख्याने आफ्रिकी होता, आणि इ. स. १०००च्या सुमारापासून त्यात इराणी पितृवंश मिसळला. म्हणजे बाहेरचे व्यापारी इथल्या घरांत जावई म्हणून सामावले.

गैरसमज: सामान्य लोक मुसलमान झाले ते एकोणिसाव्या शतकातल्या जिहादांमुळे.

वस्तुस्थिती: अर्धेच खरे. उस्मान दान फोदियोने १८०४मध्ये आजच्या नायजेरियात जिहाद पुकारला, तो स्वतःला मुसलमान म्हणवणाऱ्या हौसा राजांविरुद्ध; त्यांचा धर्म भेसळीचा आहे, हा त्याचा आरोप होता. त्यातून सोकोतोचे राज्य उभे राहिले. त्याची कन्या नाना अस्माऊ हिने खेड्यापाड्यांतल्या स्त्रियांसाठी शिक्षिका तयार केल्या, आणि इस्लाम घराघरांत रुजण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

पश्चिम आफ्रिकेतल्या बऱ्याच भागांत बहुसंख्य लोक मुसलमान झाले ते याहूनही नंतर, इंग्रज आणि फ्रेंच राज्यकर्त्यांच्या अमलाखाली. रस्ते, रेल्वे आणि बाजारपेठांनी मौलवींची वाट सोपी केली, आणि परक्या राज्यात जुन्या राजांचा दरारा मोडल्यावर लोक संतांभोवती जमले. सेनेगलचे संत अमादू बांबा यांचा फ्रेंचांनी इतका धसका घेतला, की १८९५मध्ये त्यांना गॅबॉनला हद्दपार केले. १९०२मध्ये ते परतले, तेव्हा अनुयायी आणखी वाढले होते. पुढे याच अनुयायांनी पिकवलेल्या भुईमुगावर फ्रेंचांचा व्यापार चालला आणि सरकारने त्यांच्याशी जुळवून घेतले. घानाच्या राजाने मुसलमान व्यापाऱ्यांशी जसा व्यवहार केला होता, तसाच हा होता. आफ्रिकेत इस्लाम पसरला तो बहुधा अशा व्यवहारांतून, आणि त्यांच्या अटी ठरवण्यात आफ्रिकी माणसांचा हात नेहमीच होता.