‘कालियामर्दन’ : सात वर्षांच्या मुलीचा कृष्ण

दादासाहेब फाळके यांच्या ‘कालियामर्दन’ (१९१९) या मूकपटात बालकृष्ण झाली ती त्यांची मुलगी मंदाकिनी. तेव्हा ती सात वर्षांची होती. चित्रपट नाशिकच्या हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनीचा. याच कंपनीच्या आदल्या वर्षीच्या ‘श्रीकृष्णजन्म’शीही तिचे नाव जोडले जाते, पण त्या चित्रपटाचा थोडासाच भाग उरला आहे. ‘कालियामर्दन’ मात्र बराचसा वाचला, म्हणून तिचे काम ऐकीव आख्यायिकांवर विसंबून न राहता प्रत्यक्ष पाहता येते. फाळक्यांच्या फार थोड्या नटांच्या वाट्याला हे भाग्य आले.

या निवडीमागे सहा वर्षांची अडचण होती. ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) साठी बाई मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले आणि फाळक्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या, तरी वाट लगेच रुळली नाही. १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका साळुंक्यांनीच केल्या. पुरुषाने लुगडे नेसण्याची सवय संगीत नाटकांमुळे प्रेक्षकांना होतीच. ‘कालियामर्दन’मध्ये हा प्रकार उलटला : मुलगी मुरलीधर झाली.

घरच्या मुलीला कॅमेऱ्यासमोर उभे करताना अब्रूचा प्रश्न आड आला नाही, कारण फाळक्यांकडे घर आणि कारखाना वेगळे नव्हतेच. सरस्वतीबाई फाळके कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडत, चित्रित झालेली फिल्म धूत आणि कंपनीतल्या साऱ्या माणसांचा स्वयंपाकही सांभाळत. मंदाकिनी या राबत्यातच वाढली. बापाला तिच्या चेहऱ्याची जाण होती, हे चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यातून कळते.

हे पहिले दृश्य कथेचे नाही. सात वर्षांची मुलगी चेहऱ्यावरचे हावभाव करून दाखवणार आहे, अशी पाटी येते. मग कॅमेरा जवळ येतो आणि मंदाकिनी एकामागून एक भाव दाखवत जाते. प्रसंग नाही, समोर दुसरे पात्र नाही. तालमीत गुरूने भावाचे नाव घ्यावे आणि शिष्याने तो चेहऱ्यावर आणावा, तसा हा मामला. कृष्णाची कथा सुरू होते ती यानंतर. पडद्यावर देव दिसताच प्रेक्षकांनी हात जोडण्याच्या त्या काळात फाळके आधी सांगून टाकतात की हा देव म्हणजे एक मुलगी आहे आणि ती अभिनय करते आहे. एके काळी जादूचे प्रयोग करणाऱ्या, स्वतःचे आडनाव उलटे फिरवून ‘प्रोफेसर केल्फा’ म्हणवणाऱ्या माणसाला हा डाव शोभतो : हात रिकामे दाखवायचे आणि मग चमत्कार करायचा.

पूर्वार्धात देवापेक्षा व्रात्य पोर जास्त दिसते. सवंगड्याची खोडी काढणाऱ्या गवळणीवर सूड, लोण्याची चोरी, यशोदेकडे गाऱ्हाणी असा क्रम चालतो. सर्वांत धमाल प्रसंग रात्रीचा. कृष्ण एका सावकाराच्या शयनघरात शिरतो आणि झोपलेल्या नवऱ्याची दाढी बायकोच्या केसांशी बांधून टाकतो. मंदाकिनी इथे भक्तिभावाचा आव आणत नाही. खोडी करताना तिची नजर सावध असते, खोडी साधली की चेहरा खुलतो. मूकपटाला शब्दांचा आधार नसतो. या मुलीला तो लागतही नाही.

उत्तरार्ध साहसाचा. कृष्ण कदंबावरून यमुनेत उडी घेतो आणि पाण्याखाली कालियाशी झुंजतो. नाग बनावट आहे, हे आजच्या डोळ्यांना चटकन कळते. तरीही प्रसंग ताणून धरतो, कारण फाळके झुंज सलग दाखवत नाहीत. नदीच्या तळाचे दृश्य, मग काठावरचा आकांत, पुन्हा तळ असा फेर चालतो. काठावरच्या माणसांना पाण्याखालचे दिसत नाही, प्रेक्षकाला दोन्ही दिसते. भीती या अंतरातून उपजते. अवजड नागाशी झटणारी लहानगी आकृती खरोखरच लहान आहे, याचाही उपयोग होतो. साळुंक्यांसारखा मोठा नट इथे असता तर झुंज बरोबरीची वाटली असती. शेवटी नागपत्नी अभय मागतात आणि फण्यावर उभा कृष्ण वर येतो.

पुढे भागीदारांशी न पटल्याने फाळके कंपनी सोडून काशीला गेले आणि काही वर्षांनी परतले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा एकमेव बोलपट आणि शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचे निधन झाले. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाल्यावर तिथल्या पी. के. नायर यांनी फाळक्यांची उरलीसुरली रिळे जमवली. मूळ सुमारे ६,००० फुटांच्या ‘कालियामर्दन’पैकी साधारण ४,४०० फूट आज उपलब्ध आहे. मंदाकिनीच्या हावभावांचे ते पहिले दृश्यही त्यात शाबूत आहे.