कोर्टाची बोली (भाग ७) : सरकारी वकील नेमका कुणाचा?

'सरकार पक्षातर्फे ॲड. अमुक यांनी काम पाहिले.' कोर्टाच्या बातमीतलं हे शेवटचं वाक्य आपण नजरेखालून घालतो आणि पान उलटतो. आज त्यातल्या 'सरकारी वकील' या शब्दाकडे पाहू.

कोल्हापूरच्या कसबा बावडा रस्त्यावरच्या न्यायसंकुलात फिर्यादी विचारतो, ''आमचा वकील आला का?'' त्याला हवा असतो सरकारी वकील. पण 'आमचा' हा शब्द इथं चुकतो. आपला वकील तो, ज्याला आपण वकीलपत्र सही करून देतो. सरकारी वकिलाला वकीलपत्र लागतच नाही. फौजदारी खटला 'महाराष्ट्र शासन विरुद्ध आरोपी' असा चालतो. फिर्यादी त्यात साक्षीदार असतो.

कायद्याच्या मराठीत सरकारी वकिलाला 'सरकारी अभियोक्ता' म्हणतात. मॅजिस्ट्रेट कोर्टात सहायक सरकारी अभियोक्ता, सेशन कोर्टात सरकारी वकील. जिल्ह्यातल्या नेमणुकीसाठी किमान ७ वर्षांची वकिली हवी. एखाद्या खटल्यापुरता नेमतात तो 'विशेष सरकारी वकील'. त्याला १० वर्षं लागतात. कोल्हापूरच्या सेशन कोर्टात गाजलेल्या गावित बहिणींच्या बालहत्याकांड खटल्यात उज्ज्वल निकम असेच विशेष सरकारी वकील होते. २००१ मध्ये त्या खटल्यात फाशीची शिक्षा झाली. २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं ती जन्मठेपेवर आणली.

मग सरकारी वकील हा पोलिसांचा वकील का? तेही नाही. पूर्वी खालच्या कोर्टात 'पोलीस प्रॉसिक्युटर' उभे राहत, पोलीस खात्याच्याच हुकमतीखाली. तपास करणारा आणि खटला चालवणारा एकाच खात्यातला असला, तर तपासातली खोट कोर्टापुढं कोण मांडणार? १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनं ही दोन कामं वेगळी केली. तरी महाराष्ट्रात जुनी घडी मोडायला १९९५ साल उजाडलं. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयानं अभियोक्त्यांचा पोलिसांपासून स्वतंत्र संवर्ग करायला सांगितलं.

खटला मागे घ्यायचा अर्जही सरकारी वकिलानंच करायचा असतो, तोही स्वतः विचार करून. शासनाची इच्छा तेवढी पुरत नाही, कोर्टाची संमती लागते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं त्यात एक भर घातली : पीडिताचं म्हणणं ऐकल्याशिवाय कोर्टानं अशी परवानगी द्यायची नाही.

म्हणून 'सरकारी वकील खटला हरला' ही भाषा मला खटकते. शिक्षा मिळवून देणं हे त्याचं काम नव्हे. पुरावा आरोपीच्या बाजूचा असला, तरी तो लपवायचा नाही, ही त्याची जबाबदारी.

पीडित कुटुंबासाठी एवढंच : तुम्हाला स्वतःचा वकील देता येतो. तो सरकारी वकिलाच्या सूचनेनुसार काम करेल आणि पुरावा संपल्यावर कोर्टाच्या परवानगीनं लेखी युक्तिवाद देईल. 'आमचा वकील' म्हणायचं ते त्याला. वकीलपत्रावर सही मात्र वाचून करा.