खिडक्यांतील पावसाची गळती

खिडकीची चौकट, झडपे, तावदाने आणि सभोवतालची भिंत यांमधील सांध्यांतून पावसाचे पाणी घरात शिरण्याच्या क्रियेस खिडकीची गळती म्हणतात. खिडकी बसविणे म्हणजे अखंड भिंतीस भोक पाडून त्यात निराळ्या पदार्थाची वस्तू घालणे होय. त्यामुळे बाह्य भिंतीतील खिडकीचा परिघ हा पाण्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळा भाग असतो. गळतीवरील उपाय बहुधा साधे व अल्पखर्चाचे असतात; अवघड असते ते पाणी कोठून शिरते हे शोधणे. ओल दिसते ते ठिकाण आणि पाणी शिरते ते ठिकाण पुष्कळदा भिन्न असते. हा भेद न ओळखता केलेली दुरुस्ती पुढल्या आषाढात पुन्हा करावी लागते.

कारणे : सरळ खाली पडणाऱ्या पावसापासून खिडकीस फारसा धोका नसतो. खरा प्रश्न वाऱ्याबरोबर तिरप्या येणाऱ्या पावसाचा असतो. २ मिमी. व्यासाचा थेंब सेकंदाला सु. ६·५ मी. वेगाने खाली येतो, वाऱ्याचा वेगही तेवढाच (ताशी सु. २३ किमी.) असला, तर थेंब ४५° कोनात भिंतीवर आदळतो. अशा वेळी ६० सेंमी. रुंदीचा छज्जा आपल्याखालील केवळ ६० सेंमी. उंचीचे रक्षण करतो, १२० सेंमी. उंचीच्या खिडकीचा खालचा अर्धा भाग भिजतोच. कोकण किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी वारे येतात, म्हणून तेथील घरांच्या पश्चिम व नैर्ऋत्य बाजूंच्या खिडक्या अधिक गळतात. जुन्या कोकणी घरांची उतरती लांब पाखी, भोवतालची पडवी आणि पावसाळ्यापूर्वी पश्चिमेस बांधावयाचे माडाच्या विणलेल्या झावळ्यांचे झाप ही या कोनास दिलेली उत्तरेच होत. बहुमजली इमारतीत पाखी नाहीशी झाली, खिडक्या मोठ्या झाल्या आणि वरच्या मजल्यांवर वाऱ्याचा वेगही वाढला.

भिंतीवर आलेले पाणी फटीतून आत जाण्यास गुरुत्वाकर्षण, थेंबाचा संवेग, पृष्ठताण, केशाकर्षण आणि हवेच्या दाबातील फरक ही कारणे असतात. पृष्ठताणामुळे पाणी छज्जाच्या किंवा तळपट्टीच्या खालच्या अंगास चिकटून आडवे सरकते व भिंतीपर्यंत पोहोचते. केशाकर्षणाने ते चढावरही जाते : १ मिमी. रुंदीच्या फटीत पाणी सु. १५ मिमी. वर चढते, तर ०·५ मिमी. फटीत सु. ३० मिमी. म्हणजे डोळ्यांना जेमतेम दिसणारी भेग ही ठसठशीत फटीपेक्षा या बाबतीत अधिक घातक ठरते. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सेकंदाला २० मी. (ताशी ७२ किमी.) वेगाचा वारा पूर्णपणे अडविला गेल्यास चौ. मी. ला सु. २४० न्यूटन दाब पडतो व तो सु. २४ मिमी. उंचीच्या पाण्यास तोलून धरतो. सरकत्या खिडकीच्या रुळाची आतील कड याहून ठेंगणी असेल, तर वादळी पावसात रुळात साठलेले पाणी बुडबुडे येऊन खोलीत उसळते. त्यास कारागिराची चूक म्हणावयाची की निवडणाऱ्याची, हा प्रश्नच आहे.

निदान : प्रथम ओलीची वेळ पाहावी. पाऊस सुरू होताच काही मिनिटांत पाणी आले, तर झडप, तावदान किंवा चौकटीचा सांधा दोषी असण्याचा संभव अधिक. काही तासांनी ओल उमटली व पाऊस थांबल्यावरही टिकली, तर पाणी छज्जातून किंवा गिलाव्याच्या भेगांतून भिंतीत मुरून येत असावे. उन्हाळ्यातही ओल राहत असेल, तर वरच्या मजल्यावरील नळ व मोरी तपासावी. खिडकीस दोष देऊ नये. ओलीची जागाही बोलकी असते. वरच्या कोपऱ्यांतील डाग बहुधा छज्जा व भिंत यांच्या सांध्याकडे, तर खालच्या कोपऱ्यांतील डाग तळपट्टीकडे किंवा चौकटीच्या कोपऱ्यांतील जोडाकडे बोट दाखवितात. रंगाचे पापुद्रे आणि पांढरा लोणा हे पाणी दीर्घकाळ मुरत असल्याचे लक्षण होय.

एवढ्याने निश्चिती न झाल्यास कोरड्या दिवसांत पाण्याची चाचणी घेतात. आतील ओलीची कड पेन्सिलीने आखून एक माणूस आत उभा करतात व दुसरा बाहेरून रबरी नळीने मंद धार सोडतो. आरंभ सर्वांत खालून, म्हणजे तळपट्टीखालील भिंतीपासून करावा. मग तळपट्टी, चौकटीचा खालचा सांधा, उभे सांधे, झडपा, वरचा सांधा आणि शेवटी छज्जा असे वर जावे. प्रत्येक ठिकाणी निदान दहा-पंधरा मिनिटे थांबावे. चाचणी वरून सुरू केल्यास ओघळणारे पाणी सर्वच सांध्यांवर जाते आणि दोषी कोण ते कधीच कळत नाही. ही चूक अत्यंत सामान्य आहे. खिडकीजवळ विजेची बटणे असतील, तर चाचणीपूर्वी त्या भागाचा प्रवाह खंडित करणे आवश्यक असते.

दुरुस्ती : सर्वांत प्रभावी उपाय पाण्यास अडविण्याचा नसून ते सांध्यापर्यंत येऊ न देण्याचा आहे. तळपट्टीस बाहेरच्या बाजूस दर १० सेंमी. रुंदीला सु. १ सेंमी. ढाळ द्यावा. ती भिंतीबाहेर ३–४ सेंमी. काढून तिच्या खालच्या अंगास कडेलगत सु. १ सेंमी. रुंदीची सलग खाच ठेवावी. अशी खाच पाणी ओलांडू शकत नाही व पागोळीसारखे खाली टपकते. छज्जाखालीही अशीच खाच लागते. कडप्पा फरशीची तळपट्टी पाणसळीवर अगदी सपाट बसविण्याची आणि गिलावा व रंग करताना खाच बुजविण्याची सवय मात्र सार्वत्रिक आहे. छज्जाच्या माथ्यावर ढाळ देऊन भिंतीच्या कोनात सिमेंट-वाळूचा गोलसर वाटा करतात.

चौकट आणि भिंत यांचा सांधा निव्वळ सिमेंटने भरणे निरुपयोगी असते. सागवानी चौकट उन्हाळ्यात आकसते व पावसाळ्यात फुगते, १·५ मी. लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी ३०° से. तापमानफरकाने सु. १ मिमी. वाढते आणि भिंत त्या मानाने बरीच कमी. परिणामी सिमेंट सुटते व केशाकर्षणास हवी तशीच बारीक भेग तयार होते. म्हणून सांधा मोकळा करून, साफ व कोरडा करून त्यात फोमची दोरी दाबतात आणि वर लवचिक लांबण भरतात. लांबणाची खोली रुंदीच्या सु. निम्मी असावी व ते दोन्ही काठांना चिकटावे, तळास नव्हे. तसे झाले तरच ते ताणले जाते. आंबट वासाचे सिलिकोन काचेवर उत्तम असले, तरी सिमेंटच्या पृष्ठभागावर नीट टिकत नाही. लाकडी झडपांच्या तावदानांभोवतीची खडू व जवसाचे तेल यांची लांबी वाळून तडकली असल्यास ती संपूर्ण खरवडून नवी भरावी. ही कामे चैत्र-वैशाखातच उरकणे इष्ट. ओल्या भिंतीवर कोणतेच लांबण धरत नाही.

सरकत्या खिडक्यांत मात्र सर्व फटी बुजविणे हीच गळतीस निमंत्रण देणारी गोष्ट ठरते. कॅनडातील जी. के. गार्डन यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या विवेचनानुसार सांध्याचा बाहेरचा पडदा हवेस मोकळा आणि आतला हवाबंद ठेवल्यास मधल्या पोकळीतील दाब बाहेरच्या दाबाएवढा होतो व पाण्यास आत ढकलणारी प्रेरणाच उरत नाही. रुळाच्या बाहेरील कडेस ठेवलेली निचऱ्याची छिद्रे पाणी बाहेर टाकतात, तसेच या दाबसमतेसही हातभार लावतात. धूळ, कबुतरांची पिसे किंवा उत्साही रंगाऱ्याचे सिलिकोन यांनी ती बुजतात. अनेक खिडक्यांची गळती केवळ एका तारेने ही छिद्रे साफ केल्यावर थांबते. रुळातून थेट खाली मारलेल्या स्क्रूंची डोकी मात्र लांबणाने झाकली पाहिजेत.

छज्जातून होणारी गळती ही केवळ भिंतीच्या रंगाची बाब नसते. प्रबलित काँक्रीटचा छज्जा एकाच बाजूने आधारलेला असल्याने त्याच्या मुख्य सळ्या माथ्यालगत असतात आणि माथ्यावरील भेगांतून मुरणारे पाणी प्रथम त्यांनाच गाठते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने काँक्रीट फुटून कवच सुटते आणि सळ्या क्षीण होत गेल्यास संपूर्ण छज्जा अकस्मात कोसळू शकतो. खालून तांबूस डाग किंवा फुगलेला गिलावा दिसल्यास त्यावर नवा गिलावा चढविणे धोकादायक असते. अशा छज्जावरील कुंड्या व वातानुकूलन यंत्रे प्रथम उतरवावीत, खालील रहदारी अडवावी आणि सळ्या उघड्या करून संरचना अभियंत्याकडून तपासून घ्याव्यात.